चौतीस नावं आणि आठ तास

मुलीचं नाव पोस्टरवर आलं त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नावं मोजली. चौतीस होती. तिचं एकतिसावं, सगळ्यात खालच्या ओळीत, इतक्या बारीक अक्षरात की मला मोबाईलवर बोटांनी मोठं करून बघावं लागलं. ते तिचं खरं नाव नाही, वाजवण्यासाठी घेतलेलं आहे. ते मी इथे लिहीत नाही.

ती हिंजवडीला एका कंपनीत नोकरी करते आणि गेली तीन वर्षं शनिवारी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टात, तरण तलावाच्या काठाला, यंत्रावर गाणी जोडून वाजवते. आम्ही दोघांनी ते कधी पाहिलं नव्हतं. तिने बोलावलं नाही, आम्ही विचारलं नाही. पण हे पोस्टर वेगळं होतं. देशभर फिरणारा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव, पाच शहरं, आणि त्यातला आमच्याकडचा मुक्काम वडगावच्या पुढे, भात काढून झालेल्या रानात. तळेगावातून आमच्या घरापासून पंचवीस मिनिटांवर.

"यात वाजवलं की मी राजीनामा देणार," ती त्याच संध्याकाळी जेवताना म्हणाली. "पत्र लिहून ठेवलंय. कार्यक्रमानंतरच्या सोमवारी पाठवणार."

तिचे बाबा ताटातून वर बघून म्हणाले, "आमटी वाढ." ते त्यांचं उत्तर असतं. मला आधी आकडे बघायचे होते.

मी शाळेत गणित शिकवते आणि अठरा वर्षं शाळेचं वेळापत्रक मी करते. मोठ्या आलेख कागदावर, पेन्सिलने. कोणता शिक्षक कुठल्या वर्गावर, किती तास, कुणाचा तास कुणावर चढतोय, हे बघायची डोळ्याला सवय लागली आहे. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा मी आधी मुहूर्त आणि जेवणाची वेळ यांच्यामधलं अंतर बघते. तसंच पोस्टर बघितलं. कार्यक्रम दुपारी दोन ते रात्री दहा. मंच दोन. म्हणजे हाताशी सोळा तास. वरच्या ओळीत तीन मोठी नावं, प्रत्येकी दीड तास धरला. त्याखाली पाच, प्रत्येकी एक तास. उरलेल्या सव्वीस जणांना अर्धा-अर्धा तास. बेरीज साडेबावीस तास. साडेसहा तास जास्तीचे. आणि एक कलाकार उतरून दुसरा चढेपर्यंत जाणारा वेळ मी अजून धरलाच नव्हता.

साडेसहा तास म्हणजे तेरा माणसं. या चौतिसातली तेरा माणसं वाजवणार नव्हती. कोण? वरची नक्कीच नव्हेत.

मी रविवारी तो कागद तिच्यापुढे ठेवला.

"आई, लाइनअप म्हणजे वेळापत्रक नसतं," ती म्हणाली.

"मग काय असतं?"

"जाहिरात असते. पाचही शहरांचे कलाकार एकत्र छापलेत. सगळे सगळीकडे नसतात."

"तसं लिहिलंय का?"

तिने पोस्टरच्या तळाची एक ओळ बोटाने दाखवली. कलाकार शहरानुसार बदलू शकतात. ही ओळ तिच्या नावाहूनही बारीक होती. मी ती आधीच वाचली होती, फक्त तिला माहीत आहे का ते बघायचं होतं.

"आणि तू कुठल्या शहरात?"

"इथे. घरापासून पंचवीस मिनिटं. मला दुसरीकडे कशाला नेतील?"

"लेखी आहे?"

"मेसेज आहे. तीन ते साडेतीन. छोटा मंच."

"दोनला दारं उघडतात. तीनला कोण येतं?"

"आई."

"जाहिरातीवर नोकरी सोडतेस, म्हणून विचारतेय."

ती उठून गेली. दार आपटलं नाही. आमच्याकडे दार आपटत नाहीत, हळूच लावतात. त्याचा त्रास जास्त होतो.

संशयाला दुसऱ्या आठवड्यात आणखी खाद्य मिळालं, ते आबांकडून. आबा म्हणजे माझे मामेसासरे. महोत्सवाच्या मैदानाला लागून त्यांचं रान आहे आणि ते आयोजकांनी गाड्या लावायला घेतलं होतं. गावच्या कमानीजवळ त्या पोस्टरचा मोठा फ्लेक्स लागला होता. यात्रेच्या फ्लेक्सच्या मानाने हा फारच काळा होता आणि त्यावर एकही फोटो नव्हता, ही आबांची पहिली तक्रार. आम्ही तांदूळ आणायला गेलो तेव्हा त्यांनी मला मुद्दाम तिथपर्यंत चालवत नेलं.

"हितं बग. पोरीचं नाव पार खाली घातलंय. शुभेच्छुकात."

आमच्याकडच्या यात्रेच्या, वाढदिवसाच्या, निवडणुकीच्या फ्लेक्सवर वर देव किंवा पुढारी, मध्ये कार्यक्रम आणि खाली बारीक अक्षरात शुभेच्छुक. म्हणजे ज्यांनी फ्लेक्सला हातभार लावला ते. सगळं गाव फ्लेक्स असाच वाचतं.

"आबा, हे तसं नाही. ही वाजवणाऱ्यांची नावं आहेत."

"समदी?"

"सगळी."

"मंग खालची कशाला छापली? वरची तीनच दिसत्यात." त्यांनी खालच्या ओळीकडे पुन्हा बोट केलं. "वर्गणी न्हाई ना दिली तिनं?"

मी हसले, पण परतताना गाडीत ते डोक्यातून जाईना. महोत्सवाचं पोस्टर वाचायला मला जमत नव्हतं, आबांना फक्त त्यांच्या पद्धतीने येत होतं, आणि त्यांच्या पद्धतीनेही हिशेब जुळत होता. तेरा जास्तीची नावं. खालची ओळ. नुसती छापलेली माणसं.

घरी आल्यावर मी तिला सरळ विचारलं, "नाव छापायला काही द्यावं लागलं का?"

तिने लॅपटॉपवरून डोकं वर केलं. "मी पैसे देऊन नाव छापून घेतलं असं वाटतं तुला?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतेय."

"नाही दिले."

"बरं."

"आई, तू माझ्या बाजूने एकदा तरी बेरीज करून बघ ना."

बेरजेला बाजू नसते, असं मी वर्गात दरवर्षी सांगते. तेच ओठांवर आलं होतं. गिळलं.

महोत्सवाचा शनिवार आला. तिच्या बाबांची कारखान्यात पहिली पाळी होती, तीनला सुटणार, तिथून निघून पोचेपर्यंत सगळं संपलं असतं. मी एकटी गेले. ती सकाळीच गेली होती. आबा रानाच्या बांधावर माझी वाट बघत उभे होते, धुतलेली टोपी, नवा सदरा. तिने आम्हा दोघांची नावं दारावर दिली होती. दारावरच्या पोराने यादीत बघून आबांच्या मनगटावर एक चमकणारा कागदी पट्टा बांधला, ग्रामदैवताच्या लाल दोऱ्याला लागून.

"आता हे कवा सोडायचं?" आबांनी विचारलं.

"कार्यक्रम झाला की तोडा, आजोबा."

"न्हाई, आमी ऱ्हाऊ द्यू."

दारं दोनऐवजी दोन वाजून चाळीस मिनिटांनी उघडली होती. मी घड्याळ बघितलं. मोठ्या मंचावर काळ्या कपड्यांतली माणसं तारा ओढत होती आणि दर मिनिटाला एक जण माईकमध्ये "चेक, चेक" म्हणत होता. संध्याकाळच्या मोठ्या कलाकाराची आवाज तपासणी चालू होती. तो स्वतः अजून आला नव्हता. मुंबईहून निघालेली त्याची गाडी घाटात अडकली होती आणि म्हणून तपासणी लांबली होती, असं पाण्याच्या टेबलावरच्या बाईने सांगितलं. शनिवारी लोणावळ्यापाशी रस्ता तुंबणार हे तळेगावातल्या दुसरीच्या मुलालाही ठाऊक असतं. त्याच्या माणसांना नसावं. एका मंचावर तपासणी चालू असताना दुसरा मंच बंद ठेवायचा, असा त्यांचा नियम होता.

तीन वाजले. छोट्या मंचावर कोणी नव्हतं. तीन पाच. तीन दहा.

मी मनात म्हटलं, झालं. तेरातली एक.

आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहून टाकते, कारण ते खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मला एक प्रकारचं समाधान वाटलं. माझी बेरीज बरोबर आली होती. पत्र जाणार नव्हतं, नोकरी राहणार होती. आणि त्याच वेळी मी मंचामागच्या पडद्याकडे बघत होते, कारण तिथे मागे कुठेतरी ती उभी असणार, घड्याळ बघत.

तीन वाजून अठरा मिनिटांनी ती मंचावर आली. पिवळा सदरा, केस वर बांधलेले, कानांवर ते मोठे हेडफोन. तिने समोर बघितलं नाही, यंत्राकडे बघितलं. मी मोबाईलमधलं स्टॉपवॉच सुरू केलं. का केलं ते माहीत नाही. हाताला सवय आहे.

समोर माणसं त्रेचाळीस. त्यातली नऊ कामावरची: पहारेकरी, पाण्यावरच्या बाया, एक झाडूवाला. आबा आणि मी धरून दोन. म्हणजे तिच्यासाठी आलेली म्हणावीत अशी बत्तीस, आणि त्यातलीही अर्धी सावली शोधत होती.

मला त्यात गाणं सापडलं नाही. ठोका होता, सारखा, मिनिटाला एकशे चोवीसच्या आसपास. चौथ्या मिनिटाला ठोका थांबला आणि नुसता एक लांब स्वर राहिला. मला वाटलं, बंद पडलं. सगळी त्रेचाळीस माणसं वर बघायला लागली. मग ठोका परत आला आणि सावलीतली काही पोरं उठून पुढे धावली. झाडूवाल्याने झाडू उभा धरून मान हलवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते बंद पडलं नव्हतं, तिने थांबवलं होतं.

"लय आवाज," आबा माझ्या कानाशी ओरडले. "छातीत वाजतंय."

"जायचं का बाजूला?"

"न्हाई! पोरगी उभी चांगली ऱ्हायलीय. हलायचं न्हाई."

बरोबर साडेतीनला एक माणूस मागून आला आणि तिच्या खांद्यावर दोनदा बोट मारलं. तिने मान डोलावली, एक बटण हळूहळू खाली आणलं आणि उतरली. पुढचा चढला. त्याचं नाव पोस्टरवर तिच्या दोन ओळी वर होतं. त्याला एक मिनिटसुद्धा उशीर झाला नाही.

ती पंधरा मिनिटांनी आमच्याकडे आली. घामेजलेली, डोळे मोठे झालेले. आबांच्या पाया पडली. आबांनी पट्ट्याचा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "शुभेच्छुक न्हाईस तू. मी बगितलं आता." तिला काही कळलं नाही, ती हसली.

मग तिने मला मोबाईलवर एक फोटो दाखवला. मंचामागे प्लायवूडवर चिकटवलेला कागद, त्या दिवसाचा खरा क्रम. नावं, वेळा, रकाने. एकवीस नावं होती, म्हणजे तेरा गळली होती. माझा आकडा चुकला नव्हता. ती एकविसात होती. पण तिच्या वेळेवर मार्करने काट मारून बाजूला तीन अठरा लिहिलं होतं. शेवटची वेळ तशीच, साडेतीन. वरच्या कुणाचाच रकाना हललेला नव्हता.

तो कागद मी ओळखला. तसाच मी करते. दहावीच्या जादा तासांना, कुणा पाहुण्याच्या भाषणाला, स्नेहसंमेलनाच्या तालमीला मिनिटं लागली की मी गणिताला हात लावत नाही, इंग्रजीला लावत नाही. चित्रकलेचा तास काढते. चित्रकलेचे सर दारात येतात, तक्त्याकडे बघतात, "बरं मॅडम" म्हणतात आणि जातात. अठरा वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही, किती गेले म्हणून. मी मोजलेलेही नाहीत. मी, सगळं मोजणारी.

"किती वेळ वाजवलं मी?" तिने विचारलं. "मला तर अर्धा तास वाटला."

गोल करून पंधरा म्हणता आलं असतं. मला येत नाही तसं.

"अकरा मिनिटं, चाळीस सेकंद."

तिचा चेहरा उतरला. मग तिने माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं, त्यावर आकडे अजून तसेच होते.

"तू लावलं होतंस?"

"लावलं होतं."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या ठोक्यापासून."

पाण्याच्या टेबलावरून तिने तिघांसाठी पेले आणले.

सोमवारी पत्र गेलं नाही. मी सांगितलं म्हणून नव्हे, मी काहीच सांगितलं नव्हतं. "पूर्ण अर्धा तास मिळेपर्यंत नाही," असं ती स्वतःच म्हणाली. पत्र फाडून टाकलेलं नाही, ठेवलंय. मी विचारून खात्री करून घेतली.

पुढच्या आठवड्यात महोत्सवाच्या लोकांचा तिला मेल आला. दुसरं शहर, साडेचार ते पाच. या वेळी नेणार होते. मी जेवणाच्या टेबलावर आलेख कागद पसरून बसले होते, सराव परीक्षांसाठी चार तास मोकळे करायचे होते. पेन्सिल चित्रकलेच्या सरांच्या शनिवारच्या तासापाशी होती. खोडला नव्हता अजून.

"आई, बघ," तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

मी वाचलं. दोनदा वाचलं. मला त्या लोकांचा अजून भरवसा वाटत नाही.

"तुझ्या आधी कोण आहे?"

"का?"

"तो उशिरा चढला तर तुझी मिनिटं जाणार. आणि मोठ्या माणसाची तपासणी किती वाजता, तेही विचार. लेखी विचार."

"अजून संशय?"

"तुझ्यावर नाही."

ती खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि विचारायचे प्रश्न लिहायला लागली. मी सरांचा तास तसाच ठेवला आणि गणिताच्या रकान्यात मोकळी जागा शोधू लागले.