डाव्या स्टिअरिंगची गाडी

आयुष्यात सगळ्यात जास्त माज कधी केलात असं कुणी विचारलं, तर मी लाजणार नाही. सत्तरच्या दशकात आम्ही नवराबायको इथिओपियातली मास्तरकी संपवून कायमचे नागपूरला परतलो आणि मी इंदोऱ्याच्या आमच्या गल्लीत स्वतः गाडी चालवत शिरले, तेव्हा केला. पोटभर केला.

गाडी माझ्या नावावर होती. आमच्या ह्यांनी तिकडे शिकायला सुरुवात केली होती, पण एकदा समोर गाढव आलं आणि ह्यांनी स्टिअरिंग सोडून त्याला चक्क हात जोडले. गाढव वाचलं. हे त्या सीटवर परत काही बसले नाहीत. मला मात्र असं वेड लागलं की मिरच्या-कोथिंबीर आणायलासुद्धा गाडी! परतायचं ठरलं तेव्हा कळलं, की कायमचं मायदेशी येणाऱ्याला आपली वापरलेली गाडी जकात न भरता आणता येते. अट एवढीच, की काही वर्षं ती विकायची नाही आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. दिली की सगळी जकात भरा, नाहीतर गाडी सरकारजमा. मी म्हटलं, देतंय कोण! जीव मागा, गाडी मागू नका.

तिकडचं स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे आपल्या रस्त्यावर मी बसायची फुटपाथच्या बाजूला, आणि पुढे ट्रक असला की त्याच्यापलीकडचं मला ढिम्म दिसायचं नाही. म्हणून उजव्या सीटवर जो बसेल तो कामाला. त्याने मान बाहेर काढायची, समोरून कुणी येतंय का बघायचं आणि ‘चला, मोकळं आहे’ म्हणून ओरडायचं. ह्यांना विचारलं, जाऊ का पुढे, तर हे म्हणणार, ‘हो... थांब... नाही, आता जा... नको, राहू दे!’ एका ट्रकमागे आम्ही अख्खा कामठी रोड काढलेला आहे.

आमची वस्ती म्हणजे छप्पन साली दीक्षा घेतलेली घरं. कुणी रेल्वेत, कुणी गिरणीत, आमच्यासारखे दोनचार मास्तर. त्या गल्लीतली ही पहिली मोटार, त्यामुळे ती येताक्षणी सगळ्यांची झाली. हॉर्न बकरीसारखा वाजायचा, म्हणून समोरच्या फिटरकाकांनी ट्रकचा हॉर्न बसवून दिला. त्या भोंग्याने पहिल्याच दिवशी आमचा दूधवाला सायकलवरून खाली आला. शेजारच्या मावशीने आपल्या लेकीच्या लग्नातल्या पडद्यांचं उरलेलं जांभळं फुलाफुलांचं कापड सीटांना शिवून टाकलं. वस्तीत लग्न लागलं की नवरानवरी मागे बसणार आणि पांढरं पातळ नेसून मी पुढे. लोक नवरी सोडून मला बघायचे. अग्गोबाई, काय ते सुख!

एका सकाळी जकातखात्याचे एक साहेब आले. बिनजकातीची गाडी आम्ही वाटून टाकली आहे, वस्तीत कुणीही वापरतं, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. बरं, आले ते सरळ आमच्या घरी नाही. आधी गाडीपाशी उभे राहून त्यांनी विचारलं, ‘ही गाडी कोणाची?’

मावशी भांडी घासत होती. ती हात न धुताच उठली. ‘आमची हाय नं साहेब! हे गाद्या पाहा, माह्याच हायेत.’

फिटरकाका धावत आले. ‘हॉर्न आपला हाय. वाजवून दाखवू का?’ आणि वाजवला. साहेबांची टोपी हातात आली.

मग काय विचारता! एकाने आपण बसवलेला आरसा दाखवला, एकाने मागचा दिवा. माझ्या पोराचं लग्न हिच्यातच झालं, माझ्या भाचीचं सावनेरला झालं, असं जो तो अभिमानाने सांगायला लागला. मी खिडकीतून ऐकत होते आणि बोटांवर जकातीचा आकडा मोजत होते. माया माया म्हणतात ती ही अशी, वेळ बघून येत नाही.

ह्यांच्या अर्ध्या गालावर दाढीचा साबण तसाच. साहेब आत येऊन ह्यांनाच म्हणाले, ‘हॉर्न त्यांचा, गाद्या त्यांच्या, आरसा आणखी कुणाचा. मास्तर, या गाडीत तुमचं काय आहे?’

‘माझं काहीच नाही,’ ह्यांनी खरं तेच सांगितलं. ‘गाडी हिची आहे. चालवतेही हीच.’

साहेबांनी माझ्या नऊवारीकडे पाहिलं आणि हसले. तुम्हाला सांगते, त्या हसण्याने माझी भीतीच पळाली. ‘काहून हसून राहिले साहेब?’ मी अस्सल नागपुरीत विचारलं. ‘बसा. उजवीकडे बसा.’

निघालो कन्हानच्या दिशेला. थोड्याच वेळात पुढे कोळशाचा ट्रक लागला. मी म्हटलं, ‘बघा, आणि सांगा.’

‘काय सांगू?’

‘समोरून कुणी येतंय का! मला दिसत नाही.’

‘तुम्हाला दिसत नाही?’ साहेब किंचाळले. पण मान बाहेर काढली. पहिल्या वेळी नुसते ‘अं अं’ करत राहिले. दुसऱ्या ट्रकला म्हणाले, ‘थांबा, बैलगाडी आहे.’ तिसऱ्याला स्वतःच पुढे सरसावले, ‘घ्या बाई, घ्या, मोकळं आहे! दाबा!’ ट्रक मागे पडला तसे तोंडावर कोळशाची पूड घेऊन ते खदखदा हसले. कन्हानच्या पुलावरून आम्ही वळलो तोवर साहेब आमच्या ह्यांच्यापेक्षा पक्के झाले होते.

गल्लीत शिरलो आणि बघते तर सगळी वस्ती रस्त्यावर उभी. मधल्या वेळात ह्यांनी सगळ्यांना ती अट समजावून सांगितली होती. मावशीचा चेहरा पांढराफटक. गाडी थांबली तशी ती मागचं दार उघडून आत घुसली आणि सीटांवरचं कापड ओढायला लागली. ‘साहेब, मी खोटं बोलली. हे कापड माहं हाय, हे मी घेऊन जातो. गाडी इचीच हाय. आमचा कोनाचा काही संबंध नाही.’ काका पाना घेऊन हॉर्नला भिडले. आरसावाला आरसा पिळायला लागला. माझी गाडी वाचवायची म्हणून लोक तिच्यातून आपापलं काढून घेत होते. मावशीच्या हातात तो जांभळा पडदा आणि डोळ्यांत पाणी. मला ते बघवेना.

‘खबरदार!’ मी ओरडले. ‘कुणी हात लावायचा नाही. मावशी, ठेव ते कापड. गाडी सगळ्यांची आहे. साहेब, लावा काय लावायची ती जकात, घेऊन जा गाडी, पण ही अशी नागडी करून नको मला!’

बोलून बसले आणि मग कळलं, काय बोलले. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते.

साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. रुमाल काळा झाला. सगळ्यांकडे एकदा बघून ते काकांना म्हणाले, ‘चालवता येते तुम्हाला ही?’

‘नाही जी.’

‘आणखी कुणाला?’

कुणालाच येत नव्हती.

‘मग दिली कुणाला?’ साहेब माझ्याकडे वळले. ‘यांच्यापैकी कुणी गाडी घेतलेली दिसत नाही, बाई. सगळे तुम्हाला काही ना काही देतच आलेत.’ आणि काकांना म्हणाले, ‘हॉर्न बसवा परत. मला ऑफिसात सोडायचंय, वाटेत ट्रक लागतात.’

असा गलका झाला म्हणून सांगू! काकांनी हॉर्न बसवला. मावशीने रडत-हसत घाईघाईत कापड चढवलं ते उलटं, फुलं आतल्या बाजूला. मी ते शेवटपर्यंत तसंच ठेवलं.

हे सवयीने उजवीकडचं दार उघडून बसायला गेले, तर साहेबांनी त्यांना मागे सरकवलं. ‘मास्तर, तुम्ही मागे. तिथे मी.’