राजेश्वरीनं विकलेलं घर

इस्लामपूरजवळच्या मळ्यात राहणाऱ्या राजेश्वरीनं घर विकलं, आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या सासूला, चंद्राबाईंना, त्याचा पत्ता नव्हता. घर होतं मोबाइलवरच्या खेळातलं. नवरा मानसिंग फौजेत. सुट्टी मिळेना म्हणून त्यानंच तिला तो खेळ शिकवला होता. दोघं त्या घरात भेटायची, गप्पा मारायची. आता दोन महिन्यांनी तो निवृत्त होऊन कायमचा येणार, मग ते घर ठेवून करायचं काय? तिनं दाराशी विक्रीची पाटी लावली, आणि चौथ्या दिवशी दुपारी कुणीतरी खेळातली नाणी देऊन ते घेऊनही टाकलं.

चहाच्या वेळी त्या घेणाऱ्याचा निरोप आला. "ह्यो मळा वळखीचा हाय. खऱ्या घरामागं बी हीर हाय, हिरीवर उंबर. व्हय न्हवं?"

राजेश्वरीनं कप खाली ठेवला. बाई मुळात हौशी. मानसिंगला परमुलखात घरी बसल्यासारखं वाटावं म्हणून तिनं स्वतःचंच घर तिथं जसंच्या तसं उभं केलं होतं. सोपा, माजघर, सासूची खोली. मागच्या दाराला कडी नाही, हेसुद्धा. फौजी माणसाच्या घरची माहिती परक्याला देऊ नये, असं तो शंभरदा बजावायचा. आणि हिनं आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता.

तू कोण, असं तिनं विचारलं. ती खेळात त्या घरापाशी गेली, पण आता दार तिला उघडेना. खिडकीतून पाहिलं तर तो माणूस एकेक खोली पाहत फिरत होता. सासूच्या खोलीत तर तो बराच वेळ उभा राहिला. राजेश्वरीनं उठून खऱ्या घराच्या मागच्या दाराला ज्वारीचं पोतं लावलं. चंद्राबाईंनी कशाला म्हणून विचारलं, तेव्हा मांजर येतंय म्हणाली. मानसिंगला सांगायचा धीर होईना. शेवटी तिनं लिहिलं, नाव सांग, नाहीतर पोलिसांत जाते.

उत्तर लगेच आलं.

"आवं वैनी, भिऊ नगा. मी बिरदेव, कवठे महांकाळच्या बयाबाईचा. आमची मेंढरं दरसाल तुमच्या रानात बसायची. मी लय ल्हान हुतो."

तिला धनगराची बयाबाई आठवली. ऊस गेला की मेंढरं रानात बसवायची, खत व्हायचं, आणि जाताना घरचे तिला पायलीभर जोंधळे द्यायचे. पोराचा चेहरा काही आठवेना. इतकी वर्षं ती माणसं यायची, आणि त्यांना उंबऱ्याच्या आत बोलवावं असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"रानात राह्यलो, अंगणात जेवलो," त्यानं पुढं लिहिलं. "घर आतनं कवा बघितलं न्हवतं. पाटी दिसली, म्हून घेतलं."

राजेश्वरी खाली बसली. तिला शरम वाटली. आता कधीतरी खऱ्या घरी या, असं तिनं लिहिलं. पण पाठवायच्या आधी अंगठा थांबला. तो खरंच आला तर? सासू घरात, नवरा दूर, आणि त्याला सगळ्या खोल्या पाठ. बयाबाईचाच मुलगा कशावरून? या भीतीचीही तिला लाज वाटली.

तो निरोप तिनं पाठवला नाही.