वाडीपासून खाटेपर्यंत

कोल्हापूरहून पहाटेच्या एसटीनं निघाले आणि तिसऱ्या प्रहरी पनवेलला उतरले. चौतीस वर्षं परिचारिका म्हणून काढून निवृत्त झालेली मी, एका संस्थेच्या कामासाठी महिनाभराच्या मुक्कामाला आले होते. पनवेलच्या आसपास व्यसनमुक्तीचे उपचार कुठे मिळतात, कुठे मिळत नाहीत, हे स्वतः फिरून पाहायचं आणि तालुक्याच्या बैठकीत मांडायचं.

सुरुवात खारघरपासून केली. उंच इमारतींमागे डोंगर होता आणि एका केंद्रात तो खाटेवर पडल्यापडल्या दिसत होता. डॉक्टर होते, समुपदेशक होते, खाटाही रिकाम्या होत्या. संध्याकाळी कामोठ्यात, शिकवणीची मुलं घरी गेल्यावर, त्याच वर्गात दारू सोडलेल्यांची बैठक भरली. सोडून वर्ष झालं म्हणून एका रिक्षावाल्यानं पेढे वाटले. मी दोन खाल्ले. इथं उणं काय शोधायचं, असंच वाटलं.

ते सुगंधानं दाखवलं. ती डोंगराच्या पायथ्याच्या गावातली आशाताई (घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका), माहेर उरणकडचं, कोळ्यांचं. तिनं आधी जेवायला बसवलं. भावानं पाठवलेल्या जिताड्याचं (खाडीतला चवदार मासा) कालवण आणि तांदळाची भाकरी. मी काटे काढत असताना ती म्हणाली, "सिस्टर, तुमी बघितलंत ते सगलं सडकेच्या कडंचं हाय. वर वाडीवर चला."

जंगलाच्या कडेला कातकऱ्यांची वाडी होती. सारवलेल्या ओट्यावर हिरू बसला होता, हात मांडीखाली दाबून. ते थरथरताना दिसू नयेत म्हणून. त्याची बायको कमळी माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

"औंदा यानी दोनदा सोडली," ती म्हणाली. "सोडली का आकडी येते. पितो तर पोट फुगतं. दिवालीनंतर आमी वीटभट्टीवर जानार. तिथं आकडी आली तर कोन बघंल? काय करू, सांगा."

मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. एकट्यानं अचानक सोडायची नाही, दवाखान्यात औषधं देऊन सोडवतात.

"कसा जाऊ?" हिरूनं विचारलं.

ती वाट स्वतः चालून बघायची म्हणून मी त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही चौघं वाडी उतरलो. ओढ्यात माझी चप्पल तुटली. उरलेली वाट सुगंधाची घालून चालले आणि ती अनवाणी. सडकेवर सहा आसनी रिक्षा भरेपर्यंत ताटकळलो. पनवेलच्या बाजारात हिरूचे पाय लटपटले, दोनदा बसावं लागलं. सरकारी रुग्णालयात पोचलो तेव्हा केसपेपरची खिडकी नुकतीच बंद झाली होती.

"उद्या लवकर या," आतला माणूस म्हणाला.

"उद्या परत हीच वाट हाय," कमळी म्हणाली आणि खिडकीसमोरच बसली. मीही तिच्याशेजारी बसले. वॉर्डातून परतणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे, मग हिरूच्या हातांकडे पाहिलं. "यापूर्वी झटका आला होता?" त्यांनी विचारलं. कमळीनं होकारार्थी मान हलवली आणि तासाभरात हिरू खाटेवर होता.

दहा दिवसांनी तो स्वतःच्या हातानं चहाचा पेला धरून, न सांडता प्याला. कमळी कितीतरी वेळ त्या पेल्याकडेच बघत होती.

तालुक्याच्या बैठकीत मी खाटांचा तक्ता मांडला नाही. कुठल्या वाडीहून उपचारापर्यंत किती चालावं लागतं, किती वाहनं बदलावी लागतात, तेच वाचून दाखवलं. मग बरोबर आणलेल्या कमळीला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, पदर खोचला.

"आमाला मोठा दवाखाना नको. आठवड्यातून एक दिस डाक्टर पायथ्याशी येऊ द्या. मानसं आमी आनू."

रुग्णालयातल्या त्याच डॉक्टरीणबाई बैठकीला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मंगळवारी मी जाईन." अध्यक्षांनी समुपदेशकाचीही नेमणूक तिथल्या तिथं लिहून घेतली.

पहिल्या मंगळवारी पायथ्याच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्राचा ओटा मी आणि सुगंधानं झाडून घेतला, सतरंजी घातली आणि वाट बघत बसलो. बराच वेळ कुणी नाही. मग पायवाटेवर माणसं दिसली. पुढे हिरू, मागे वाडीतले पुरुष, दोन बायका, शेजारच्या वाडीचा एक म्हाताराही. सतरंजी पुरेना. सुगंधा माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "आले बघा, सिस्टर." आम्ही दोघी हसत होतो आणि डोळे पुसत होतो.

परतीच्या एसटीत घाट चढताना मी माझ्या नोकरीतले रुग्ण आठवत बसले. तपासणीची वेळ संपल्यावर धापा टाकत येणाऱ्या किती जणांना मी दरडावलं असेल, "इतका उशीर का केलात?" कुणीच कधी उत्तर दिलं नाही. या महिन्यात ते उत्तर मी पायांनी चालून आले, आणि एका डोंगराच्या पायथ्याशी तरी आता तो प्रश्न कुणाला विचारावा लागणार नाही.