धार लावणारा लॉयड तुस्कानो

एमिरेट्समधल्या अल ऐनच्या आइस रिंकवर स्केट्सना धार लावायचं काम लॉयड तुस्कानो एकवीस वर्षं करतोय. माणूस वसईचा, गास गावातला. इथे आला तेव्हा त्याला बर्फ ठाऊक होता तो मासळीच्या पेटीतला. पहिली दोन वर्षं त्याने रिंकभोवतीची रबरी जमीन पुसली, भाड्याचे बूट मांडले. मग धार लावणारा फिलिपिनो मायदेशी निघाला आणि जाताना मशीन लॉयडच्या हाती सोपवून गेला. लॉयडला ते काम लाभलं. नव्याने आलेल्या प्रत्येक आईला तो हिंदीत समजावायचा, की स्केटचं पातं म्हणजे सुरी नव्हे. त्याला दोन कडा असतात आणि मधे खाच. एक कड केसभर उंच राहिली तरी पोर तोंडावर पडतं.

त्याची बायको अ‍ॅलिस तिथल्याच एका हॉस्पिटलात नर्स. दोघांच्या ड्युट्या जुळायच्या नाहीत, म्हणून मुलगी क्लेअर शाळा सुटली की स्कूल बसने थेट रिंकवर उतरायची. मशीनमागच्या स्टुलावर गृहपाठ करायची आणि तो संपला की बर्फावर. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत ही स्वेटर घालून गोल गोल फिरतेय, असं तिचं बालपण गेलं.

क्लेअर नऊ वर्षांची असताना रिंकवर उमैमा नावाची फिगर स्केटिंगची कोच आली. मूळची लेबनॉनची, पण वाढलेली ओंटारियोत. कॅनडाच्या ज्युनिअर नॅशनल्सला ती एकदा अकरावी आली होती. हे ती स्वतःच सांगायची, आणि त्यात तिला ना अभिमान वाटायचा ना लाज. क्लेअरला तिने तीन वर्षं घडवलं. एमिरेट्समधल्या स्पर्धांत क्लेअर पहिली येऊ लागली, तेव्हा उमैमाने लॉयडला बाजूला घेतलं.

"मिस्टर लॉयड, इथे ती पहिली येते कारण दुसरी कुणी नाहीच. शिकायचं असेल तर कॅनडाला जावं लागेल. पण आधी ऐकून घ्या. तिथे एक पोरगी आजारी पडली तर तिच्या मागे तितकीच चांगली दुसरी उभी असते आणि तिच्या मागे तिसरी. कॅनडाची ताकद म्हणतात ती हीच."

लॉयडला यातलं 'कॅनडा' एवढंच ऐकू आलं.

पुढच्या ऑगस्टात अ‍ॅलिस नर्सिंगच्या कोर्ससाठी ओंटारियोला गेली आणि बारा वर्षांच्या क्लेअरला सोबत घेऊन गेली. घर चालवायला इथला पगार हवा, म्हणून लॉयड मागे राहिला. "क्लेअर नॅशनल्सला उतरली की मी आलोच," तो विमानतळावर म्हणाला. अ‍ॅलिसने मान डोलावली. तेव्हा तिलाही ते एक-दोन वर्षांचंच काम वाटलं होतं.

पहिल्याच प्रांतीय स्पर्धेत क्लेअर सव्वीस जणींत बाविसावी आली. तिच्या नव्या रिंकवर एकाच वेळी वीस मुली उड्या मारत होत्या आणि त्यातल्या पंधराजणींच्या उड्या हिच्यापेक्षा उंच. लॉयड खचला नाही. रिंकवर दुपारी गर्दी नसली की तो उमैमाशेजारी बसून मोबाइलवर तिथले निकाल चाळायचा. कोण वर चढलं, कोण दुखापतीने बाहेर गेलं, पुढच्या ऑलिंपिकला कुणाला संधी. उमैमाने त्याला खाचाखोचा शिकवल्या. आइस डान्समध्ये रांगच रांग. मुलींच्या सिंगल्समध्ये खाली तुडुंब गर्दी आणि वर मात्र विरळ. आणि पेअर्समध्ये, म्हणजे मुलगा-मुलीच्या जोडीत, मुली हव्या तेवढ्या, मुलगे मिळायची मारामार.

क्लेअर अंगाने लहानखुरी, न घाबरणारी. मधला कोविडचा बंद काळ सरला आणि तिला पेअर्ससाठी एक मुलगा मिळाला, क्विबेकचा, मितभाषी. त्याने तिला डोक्यावर उचललेला व्हिडिओ लॉयडने रिंकवरच्या झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना दाखवला. अडीच वर्षांत जोडी नॅशनल्सच्या उंबरठ्यावर आली. लॉयडने रजेचा अर्जसुद्धा लिहिला. आणि तेवढ्यात मोठ्या ट्रेनिंग सेंटरच्या कोचने त्या मुलाला बोलावलं. तिथे त्याच्यासाठी दुसरी मुलगी ठरली होती. तो क्लेअरच्या घरी आला, अ‍ॅलिसने केलेला चहा प्यायला, सॉरी म्हणाला आणि गेला. त्याच्या जागी उभा राहील असा दुसरा कुणी नव्हता. क्लेअरसारख्या मात्र तेव्हा नऊजणी वाट बघत होत्या.

त्या जुलैत क्लेअर नेहमीसारखी महिनाभर अल ऐनला आली. लॉयडने तिच्या पात्यांना धार लावून दिली. "मिळेल गं दुसरा," तो म्हणाला. "आय नो, पप्पा," ती म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी फोन. तिथली रात्र म्हणजे इथली सकाळ. लॉयड ड्युटीला निघता निघता विचारायचा, "आज किती तास केलंस?" क्लेअर सांगायची, तीन. कधी सांगायची, नव्या जोडीदाराबरोबर ट्रायआउट होती, पण मुलगा फार उंच निघाला. कधी कंबर दुखतेय म्हणायची. पुढच्या उन्हाळ्यात ती आली नाही. त्यानंतरच्या नाताळात मात्र एकटी आली. एकोणीस वर्षांची, केस कापलेले, खांद्यावर स्केट्सची तीच जुनी बॅग.

दुसऱ्या दिवशी रिंक उघडायच्या आधी लॉयडने स्केट्स मशीनवर घेतले. क्लेअर कडक चहाचे दोन कप घेऊन शेजारी उभी होती. त्याने पात्यावरून नख ओढलं आणि थांबला. कड जशीच्या तशी होती. टाचेकडे अर्धा इंच सोडून थांबायची त्याची सवय, तीही खूण तशीच. पात्यावर त्याच्या हातानंतर कुणाचा हात फिरला नव्हता आणि त्याखाली बर्फही आला नव्हता. बुटाच्या तळाशी, स्क्रूभोवती गंज चढला होता. रोज तीन तास करणाऱ्या पोरीच्या पात्यांना दर महिन्याला धार लावावी लागते.

त्याने मशीन बंद केलं.

"कधीपासून, क्लेअर?"

क्लेअरने कप काउंटरवर ठेवले. "इथून गेल्यावर घातलेच नाहीत, पप्पा."

"एकदाही?"

"मम्मीने दोनदा नेलं. मी पार्किंगमधूनच परत फिरले." ती खाली बघत होती. "आय वॉज टायर्ड. बाकीच्या मुली पडल्या तरी हसायच्या. मी उभी असले तरी रडायला यायचं."

"मग ते तीन तास? त्या ट्रायआउट?"

"तुम्ही रोज विचारायचात."

तो पुन्हा स्केटकडे हात न्यायला लागला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. "नको, पप्पा. खलास."

त्या दुपारी लॉयडने उमैमाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

उमैमाने नजर चुकवली नाही. "दोन सीझन कुठल्याच यादीत तिचं नाव नव्हतं. मला वाटलं, तुमच्याही लक्षात आलंय आणि तुम्हाला त्यावर बोलायचं नाही."

लॉयडच्या लक्षात आलं होतं का? याद्या तर त्यानेही चाळल्या होत्या. नाव नसलं की तो पुढची यादी उघडायचा.

त्याने अ‍ॅलिसला फोन केला. आवाज चढवायचा नाही असं ठरवूनही चढला. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आपण बोललो काय असतो, लॉयड?" अ‍ॅलिस शांतपणे म्हणाली. "सात वर्षांत तू फोनवर दुसरं काही विचारलंस? मी बर्फावरून घसरून हात मोडून घेतला, तेव्हा तू विचारलंस, आता क्लेअरला रिंकवर कोण सोडणार. ती स्केटिंग करते असं तुला वाटत होतं, तोवर तू रोज फोन तरी करायचास."

त्याने 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

तीन जानेवारीला क्लेअर परत निघाली. अल ऐनहून दुबई विमानतळापर्यंत दीड तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू. स्केट्स तिने घरीच ठेवले होते. लॉयडला विषय सुचेना. मुलीशी काय बोलायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, "तिकडे तू करतेस काय मग?"

ती एका वृद्धाश्रमात काम करत होती आणि कॉलेजला जात होती. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, जेवण भरवायचं. तिथे एक आजोबा आहेत, ते तिला रोज नव्याने नाव विचारतात, हे सांगताना ती हसली. लॉयडने तिला असं हसताना बऱ्याच वर्षांनी ऐकलं, आणि या माणसांविषयी आपण पहिल्यांदाच ऐकतोय हेही त्याला जाणवलं. तेवढ्यात टर्मिनलचा फाटा आला. गाडी फार वेळ थांबवू देत नाहीत. तिने घाईत त्याच्या गालाला गाल लावला आणि ट्रॉली ढकलत ती आत गेली.

त्याच महिन्यात कॅनडाची नॅशनल्स झाली. उमैमाने मोबाइल काउंटरला टेकवून लावला. क्विबेकचा तो मुलगा नव्या जोडीदारणीबरोबर बर्फावर आला. खांदे रुंद झाले होते, हात पूर्वीइतकाच सावध. त्याने मुलीला उचललं, ती हवेत फिरली आणि अलगद खाली आली. जोडी तिसरी आली.

"हे दोघं पुढे जातील," उमैमा म्हणाली. "आणि मागे अजून चार जोड्या तयार आहेत. आमच्या पेअर्सची काळजी नाही आता."

"चांगली पोरं आहेत," लॉयड म्हणाला. त्याने स्पर्धा शेवटपर्यंत पाहिली. मग शाळेच्या सहलीतल्या पोरांनी परत केलेले भाड्याचे साठ बूट होते, ते आकारांप्रमाणे लावायला उठला.

फेब्रुवारीत अ‍ॅलिसचा फोन आला. तिने तिकडे छोटं घर घेतलं होतं, स्वतःच्या आणि क्लेअरच्या नावावर. कागदांवर सह्या झाल्या होत्या, मार्चमध्ये राहायला जायचं होतं. तू कधी येतोस, असं तिने विचारलं नाही. मागच्या बाजूला थोडी जागा आहे, उन्हाळ्यात वांगी लावता येतील, एवढं ती म्हणाली.

"बरं केलंस," लॉयड म्हणाला.

मग अ‍ॅलिस म्हणाली की तिला सकाळी लवकर ड्युटी आहे.