कळंब्याच्या बसचा कंडक्टर

त्याचं नाव मला माहीत नाही. सोमवारी सकाळी कळंब्याच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि हा कंडक्टर सगळ्यांवर डाफरत असतो. "पुढं सरका की, पावणं! दारात काय ठेवलंय?" उतरायला कुणी वेळ लावला की तो हातातला पंच दांडीवर आपटतो. मला त्याचा रागच यायचा.

परवा एका बाईनं त्याला विचारलं, "तुरुंगाचा स्टॉप आला की सांगशिला? मालकास्नी भेटायचं हाय."

शेजारी उभा असलेला इस्त्रीच्या शर्टातला माणूस लगेच म्हणाला, "चोरांच्या बायका बसून जाणार आणि आम्ही कामाला उभ्यानं! ऊठ."

बाई मुकाट्यानं उठली. कुणीही काही बोललं नाही.

कंडक्टरनं घंटी मारून बस थांबवली आणि त्या माणसाला दार दाखवलं. "उतर खाली."

"तिकीट काढलंय मी!"

"तिनंबी काढलंय. तिची माफी माग, न्हायतर उतर. तवर गाडी हलणार न्हाय."

मागून हॉर्न वाजू लागले. आम्ही ओरडलो, "जाऊ द्या की, उशीर होतोय!"

तो आमच्याकडं वळला. "तुमची त्वांडं आत्ता उघडली व्हय?"

माणूस पुटपुटत उतरला. बाई पुन्हा बसली. सबंध बसमध्ये तिच्याकडं बघायची हिंमत कुणाला झाली नाही, मलाही नाही.