पेपर आणि इफ्तारीची ताटं

मी मोठी शहाणी! शेवटच्या पेपरला कुणी दार वाजवू नये म्हणून ऐन रमजानमध्ये अख्ख्या बिल्डिंगला सांगून आले, उद्या संध्याकाळी माझी परीक्षा आहे. इथे आखातात, हमरियातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं रत्नागिरीकडची. बिचारीला उद्या इफ्तारी करायला वेळ कुठला, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

परीक्षा अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजची होती. मानव्यविद्यांची दोन वर्षांची पदवी, सगळी लॅपटॉपवर. मुलगी बारावीला आणि आई कॉलेजात, यावर घरात भरपूर थट्टा व्हायची. सासूबाई थट्टा करत नसत. "आता शिकून कुनाचा भला होनार हाय?" एवढंच म्हणत आणि तसबीहचे मणी ओढत बसत. ते मला जास्त झोंबायचं.

नियम कडक होते. कॅमेरा आणि माइक पूर्ण वेळ चालू. दुसरं कुणी दिसलं किंवा कुणी उत्तरं सांगतंय असा संशय आला, तर पेपर रद्द. तत्त्वज्ञानात मी आधी एकदा नापास झाले होते, आणखी संधी नव्हती. हा पेपर गेला की पदवी खलास.

नेट फक्त हॉलमध्ये धड चालतं, म्हणून दाराजवळच बसले. नवरा रुवीत दुकानावर, मुलगी क्लासला, सासूबाई आतल्या खोलीत. दुसरा प्रश्न लिहीत होते आणि दार वाजलं.

"भाभी, भजी आणलीत!"

पडद्यावर पिवळी पट्टी आली: आवाज आढळला. तेवढ्यात सासूबाई चपला हातात घेऊन, लॅपटॉपच्या मागून भिंतीला चिकटत बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. वाटलं, सुटले.

कसली सुटते! जिन्यात बसून त्या येणाऱ्या प्रत्येकीला गप्प करत होत्या, आणि त्यांचं गप्प करणंच सगळ्यात मोठ्यानं चाललं होतं. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. पट्टी पुन्हा पुन्हा चमकत राहिली. शेवटचं उत्तर मी दात आवळून लिहिलं. अजान झाली, पाण्याच्या घोटावर रोजा सोडला आणि पेपर पाठवला.

दार उघडलं तर सासूबाई पायरीवर, भोवती झाकलेली ताटं.

"झाला?"

"झाला," म्हटलं आणि मुकाट्यानं ताटं आत नेली. बोलले असते तर भांडणच झालं असतं.

दोन दिवसांनी कॉलेजचा ईमेल आला. दाराबाहेरून कुणी उत्तरं सांगत होतं का, हे तपासायचं आहे. सोबतच्या क्लिपमधला शब्दन् शब्द इंग्रजीत करून पाठवा. मी कानाला हेडफोन लावले.

"गप ऱ्हा गो! माजी सून कॉलेजचा पेपर लिवतेय. आमच्या घरात इतका कुनी शिकला नाय. पास होऊ दे, ईदीला साऱ्या बिल्डिंगला शिरखुर्मा घालतंय मी."

ऐकून मला रडूच आलं. सासूबाई समोरच मसूर निवडत होत्या. त्यांना काही न सांगता मी भाषांतर पाठवून दिलं.

ईदच्या आदल्या दिवशी निकाल आला. पास.

"अम्मा, पास झाले."

"बरा झाला," त्या म्हणाल्या. वरसुद्धा बघितलं नाही. मग म्हणाल्या, "माळ्यावरचा मोठा टोप काढ."

एवढा मोठा कशाला, असं मी विचारलं नाही.