तीन नंबरच्या मशीनवरची यादी

आमच्या गल्लीत कुणालाच स्वतःचा पासवर्ड पाठ नाही. खाटीक एउलोहिओला नाही, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना नाही, आणि मला तर नाहीच नाही. सगळ्यांचं सगळं फिलोमेनाबाईच्या दुकानातल्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरला पाठ. जायचं, खुर्चीत बसायचं, आपलं नाव सांगायचं. पान आपोआप उघडतं.

फिलोमेना म्हणजे हाडांचा सापळा, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला, आणि जीभ अशी की विचारू नका. “बटणं दाबायची असतात, कुटायची नसतात!” हे तिनं शाळेच्या हेडमास्तरांनासुद्धा सुनावलंय. नवरा गेला तेव्हा तिनं त्याचं शिवणाचं मशीन विकलं आणि त्या खोलीत चार कॉम्प्युटर मांडले. माझं साल्तेन्यांचं, म्हणजे रसाळ मांस भरून भाजलेल्या करंज्यांचं, दुकान तिच्या भिंतीला लागून. पहाटे भाजायला घेते, बारा वाजायच्या आत ताटं रिकामी. तिच्याकडचे छपाईत बिघडलेले कागद सकाळी माझ्याकडे येतात, मी त्यात साल्तेन्या बांधून देते. नऊ वर्षं झाली. अख्ख्या गल्लीनं एकमेकांच्या चुकलेल्या अर्जांत गुंडाळलेल्या साल्तेन्या खाल्ल्यात.

आमचं नातं त्याहून जुनं. माझ्या मुलाची, लिंबेरची, ती धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनंच त्याला हातावर धरलं होतं, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. भांडतानाही कोमाद्रेच.

लिंबेर पाच वर्षांपूर्वी स्पेनला गेला. तिकडे मुर्सियात टोमॅटो पेट्यांत भरायचं काम करतो. माझे कान अर्धे गेलेत, फोनवर नुसती खरखर ऐकू येते, म्हणून तो ईमेल लिहितो. दर गुरुवारी. त्या पडद्यासमोर माझ्या डोळ्यांतून पाण्याची धार लागते, म्हणून वाचते फिलोमेना, उत्तर सांगते मी, आणि टाइप करते तीच. माझ्या आठवड्यात गुरुवार एवढाच एक वार आहे हो, बाकीचे नुसते जातात.

तर झालं काय, मंगळवारी पेन्शनचं पान उघडेना. तुमचा ब्राउझर फार जुना झालाय, नवा घ्या, असं लिहून आलं. मी तिचा दंडच धरला.

“कोमाद्रे, लिंबेरची पत्रं?”

“येतील गं. नवा ब्राउझर घालायचा, जुन्यातले पासवर्ड काढून त्यात भरायचे.”

“आणि सांडले वाटेत म्हणजे?”

“ती काय तुझी साल्तेन्या आहे, रस सांडायला?”

पण मी काही तिला सोडलं नाही. दोन दिवस डोकं खाल्लं तिचं. एकही हरवता कामा नये, कागदावर उतरवून ठेव, मशीनचा काय भरवसा! शेवटी बुधवारी ती वैतागली आणि पासवर्डांची अख्खी यादी तिनं छापून काढली. पहिली प्रत वाकडी आली. ती टाकली टोपलीत आणि दुसरी काढली. टोपली रोज कुठे जाते, हे बाईच्या डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी सकाळी दहाची गर्दी. मी कागद ओढतेय, बांधतेय, देतेय. एका कागदावर एउलोहिओचं नाव दिसलं म्हणून थांबले. नाव, पुढे ईमेलचा पत्ता, पुढे पासवर्ड, उघडाबोडका! खाटकानं ठेवला होता “मांसखायचंनाही”. मला खुदकन हसू आलं. आणि मग एकदम लक्षात आलं, ही तर तीच यादी. अगं बाई, किती पानं गेली? टोपलीत बोट घालून पानांवरचे आकडे मोजले. एकच गेलं होतं, ते माझ्यासमोर बाकावर बसून खाणाऱ्या शिक्षिकेच्या हातात होतं. मी ते तिच्या हातातून हिसकावलं. रस तिच्या झग्यावर सांडला. तिनं मला जे काय म्हणायचं ते म्हटलं.

कागद पोटाशी धरून मी मागे गेले आणि शेवटचं पान वर आलं. त्यावर फिलोमेनाचं स्वतःचं. विजेचं, पाण्याचं, दुकानाचं, सहा ओळी, आणि सहाही ठिकाणी एकच पासवर्ड: “कनेला58”. कनेला तिची मेलेली कुत्री, अठ्ठावन्न तिचं जन्मवर्ष. म्हटलं, लोकांना शहाणपण शिकवते आणि स्वतः सगळ्या कुलपांना एकच किल्ली!

त्याखाली सातवी ओळ होती. माझ्या लिंबेरचं नाव. ज्या पत्त्यावरून पत्रं येतात तो पत्ता. आणि पुढे, “कनेला58”.

 तीनदा वाचलं. माझ्या पोरानं मुर्सियात बसून स्वतःच्या कुलपाला हिच्या कुत्रीचं नाव कशाला दिलं असतं?

मी भट्टी तशीच टाकून शेजारी गेले. दुकानात कुणी नव्हतं. कागद तिच्यापुढे आपटला. तिनं चष्मा लावला, पाहिलं, आणि चष्मा काढला. 

“कधीपासून?”

“चार वर्षं.”

“जिवंत आहे का तो?”

“आहे, आहे! देवाशपथ आहे. त्याच्या कामावरच्या लोकांकडून कळतं मला. पहिलं वर्ष त्यानंच लिहिलं गं. मग थांबला. मी त्याच्या खऱ्या पत्त्यावर दर महिन्याला लिहिते. उत्तर नाही. तुझी तब्येत उतरायला लागली, दर गुरुवारी येऊन या खुर्चीत बसून राहायचीस. मग मी त्याच्या नावानं नवा पत्ता उघडला.”

“तुला कुणी सांगितलं होतं?”

“बाप्तिस्म्याला पाद्रीनं विचारलं, तेव्हा त्याच्या वतीनं उत्तरं कोणी दिली होती? मीच ना?”

“तेव्हा तो दीड महिन्याचा होता, सटवे! आता चौतीस वर्षांचा घोडा आहे!”

मी ओरडत होते आणि डोक्यात एकेक पत्र येत होतं. आई, गुडघ्याला मलम लाव. आई, पिठाची पोती तू उचलू नकोस. आणि मी मूर्ख, हिच्याचपुढे मिरवलं होतं, बघ कोमाद्रे, सातासमुद्रापलीकडून पोराला माझा गुडघा कळतो! आणि हिनं मान डोलावली होती. माझी उत्तरं टाइप केली होती, स्वतःलाच पाठवायला.

शेजारी काहीतरी करपल्याचा वास आला. आम्ही दोघी हललो नाही.

“त्याच्या खऱ्या पत्त्यावर लिही,” मी म्हटलं. “आत्ता. मी सांगते.”

मी तीन नंबरच्या समोर बसले. नवा ब्राउझर उघडला, काहीच सांडलं नव्हतं, सगळं जिथल्या तिथे. फिलोमेनानं बटणांवर बोटं ठेवली.

“लिही. मी बेनिता. तुझी आई.”

तिनं लिहिलं. “पुढे?”

मी तोंड उघडलं. गुडघ्याचं सांगावं, तर ते हिला माहीत. भट्टीचं, कानांचं, पहाटे झोप येत नाही त्याचं, चार वर्षांचं सगळं मी हिलाच सांगून बसले होते. आणि तो तिकडे काय खातो, कुणाबरोबर राहतो, मला ठाऊक नाही.

“पुढे काय लिहू, कोमाद्रे?” तिनं पुन्हा विचारलं.